टपालाच्या डब्यातला चोर

माझे आजोबा रेल्वेत टपालाच्या डब्यात सॉर्टर होते. धावत्या गाडीत उभं राहून गावागावाची पत्रं वेगळी करायची, ही त्यांची नोकरी. ते त्या दिवसांबद्दल काही सांगायला लागले की काका मध्येच तोडायचे, "बास करा. पिशवी चोरली म्हणून काढलं तुम्हाला." आजोबा खाली मान घालून जेवायचे.

ते गेल्यावर मी चौकशी सुरू केली. कचेरीत कुणी दाद दिली नाही. शेवटी मुदखेडला, त्यांच्याच डब्यात काम केलेले एक चाचा सापडले. 'चोर' ऐकताच त्यांनी कपबशी आदळली.

"कोन बोल्ला चोर? लातूरकडं भूकंप झाल्ता तवाची गोष्ट हाय. पडलेल्या गावांची पत्रं येऊन राहिली होती. पोरं मुंबईहून, पलटणीतून इचारायलीत, आई, जित्ती हाईस का? साहेब म्हनला, गावच न्हाई, परत धाडा. तुझा आजा म्हनला, गाव पडलं, मानसं पत्र्याच्या शेडात हाईत. साहेब ऐकंना. मग यानं पिशवी उचलली अन् एसटीत बसला. शेडाशेडात हिंडून पत्रं वाटली, वाचून दाखिवली. परत आला तर चोरीचा ठपका तयार."

"घरी कुणाला माहीत होतं?"

"तुझ्या काकाला म्या सांगितलं. चल म्हनलं, साक्ष देतो. आला न्हाई."

मी तशीच लातूरला गेले. काकांच्या क्लासेसमध्ये प्रवेशासाठी पालकांची रांग लागली होती. केबिनमध्ये शिरून मी जाब विचारला. काकांनी आधी दार लावून घेतलं.

"तेव्हा क्लास नुकता काढला होता. केस लढलो असतो तर गावभर बोभाटा झाला असता. कुणी पोरं पाठवली असती?"

"मग घरात तरी चोर का म्हणत राहिलात?"

"खरं कळलं असतं तर तुझ्या आजीनं मला गप्प बसू दिलं असतं का? बाबांनाही मीच शपथ घालून गप्प बसवलं होतं."

मी दार उघडलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. काका हात जोडत होते. मी थांबले नाही.

त्यांचे प्रवेश त्या वर्षीही फुल्ल झाले. मी त्यांचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही. माझा राग अजून तसाच आहे, आणि तो मला घालवायचाही नाही.