खडकांची वही

आमच्या गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं पुस्तक छापलेलंच नाही. ती एक जाडजूड वही आहे. समुद्राखाली जाळी फाडणारे खडक कुठं आहेत, ते तिच्यात लिहिलंय.

सांगणारे एक म्हातारे तांडेल. जन्मभर होडी चालवली, पण लिहिता-वाचता येत नाही. हल्ली होड्यांवर जीपीएस असतं, पण त्यात ज्यानं त्यानं आपापले खडक भरलेले, आणि दुसऱ्याला कोण दाखवतो! म्हणून मी या तांडेलकाकांच्या मागं लागले. त्यांनी मला महिनाभर झुलवलं. शेवटी म्हणाले, "मासा कंचे जागेला गावतो ते न्हाय सांगनार. जाली कुठं फाटतात, ते लिव."

मग रोज सकाळी चहाच्या वेळेला हजर. डोळे मिटून सांगायचे: कारखान्याची चिमणी देवळाच्या कळसामागं गेली, की खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ कुठं दिसतो ते बघायचं. दोन्ही खुणा जुळल्या की खाली खडक. माझ्याकडून डाव्याचं उजवं झालं, तर वाचून दाखवताना असे उखडायचे की पेपर वाचणारेसुद्धा सावरून बसायचे. मला मोठी मजा यायची. होडीवाले वही बघायला यायला लागले, तेव्हा तर मी गावभर मिरवत होते.

एके सकाळी एक कोळीण फाटक्या जाळ्याचा गोळा खांद्यावर टाकून आत आली. तिचा नवरा आमची वही वाचूनच समुद्रात गेला होता. "बाय, ह्यो खडक तुजे वहीत हाय कुठं?" तिनं नवऱ्यानं पाहिलेल्या खुणा सांगितल्या; तो खडक वहीत नव्हता. मी काकांकडे पाहिलं. काका अगदी मन लावून पेपर वाचत होते.

"मामा, तुमाला ठावूक व्हता?" तिनं विचारलं.

"व्हता," काका पेपर खाली ठेवत म्हणाले. "तितं गलाला हेकरू लागतो. माजा पोरगा तितंच जातो."

हेकरूसारखा मोठा मासा खडकाच्या आडोशालाच राहतो, हे मला तेव्हा कळलं. मुलासाठी तेवढा एकच खडक त्यांनी झाकून ठेवला होता. लिहिला, तर तिथं सगळ्यांचे गळ पडणार. नाही लिहिला, तर वहीवर विसंबणाऱ्यांची जाळी फाटणार. मला रागही आला आणि त्यांची दयाही आली. 'सांगा' म्हणायला जीभ रेटेना.

काकांनी जाळं मांडीवर ओढलं आणि भोकातून हात घालून पाहिला. "लिव," म्हणाले. मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. "अजून येकदा वाच." मी पुन्हा सावकाश वाचलं.

कोळीण गेल्यावर मी विचारलं, "मुलाला काय सांगाल?"

"त्यालाबी हतं धाडतो. त्याला दोन खडक ठावूक हायत, माजेपासून लपवलेले."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. तोंड फुगवून समोर बसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिवा."