तोंड उघडं असताना

जवाहर नगरच्या दवाखान्यात मी दर सहा महिन्यांनी माझं दाताचं इम्प्लांट साफ करून घ्यायला जातो. साफ करणारी बाई कायम मास्कमध्ये असते. तिने माझं तोंड पार घशापर्यंत पाहिलंय, मी मात्र तिचे फक्त डोळे. बसवलेल्या दाताला ओरखडा नको म्हणून ती स्टीलचं हत्यार बाजूला ठेवून प्लास्टिकचं उचलते आणि नेमकं माझं तोंड पूर्ण उघडं असताना विचारते, "अंकल, वो छोटावाला ब्रश रोज चलाते हैं ना?" मी घशातूनच "आं" म्हणतो. म्हणजे हो.

तिला सगळं कळतं. गेल्या हिवाळ्यात म्हणाली, "छह महीने का आज सुबह एक साथ कर लिया? मसूड़े बता रहे हैं." बँकेत जन्मभर इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशीच फायली लावल्या. सवय जाते थोडीच!

त्यानंतर आठवड्याभराने मी कोपऱ्यावर तीळगुळाची कडक गजक खात उभा होतो. मागून ओळखीचा आवाज आला, "अंकल, इम्प्लांटवाली तरफ़ से नहीं!"

वळून पाहिलं. आज मास्क नव्हता. तिच्याही हातात गजकच होती. ती हसली, तेव्हा दिसलं की तिचा बाजूचा एक दात नाहीये. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"मेरा भी लगेगा कभी," ती म्हणाली. "तब तक आपवाला सँभाल रही हूँ."

सहा महिन्यांनी तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी "आं" म्हटलं. या वेळी ते खरं होतं.