घंटा वर आहेत

ब्रिस्टलला असताना शेजारचे निवृत्त इंजिनियर एका शनिवारी मला आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईला सॉमरसेटच्या खेड्यांमधली जुनी चर्चं दाखवायला घेऊन गेले. पहिल्या चर्चमधल्या दगडी संतांना चेहरेच नव्हते. कधीकाळी धर्माच्या भांडणात सैनिकांनी ते कुऱ्हाडीनं छाटले होते. आईनं एका चेहऱ्याच्या जागी हात ठेवला. "दगडावर केवढा तो राग," ती म्हणाली.

दुसरं चर्च शेजाऱ्यांच्या स्वतःच्या गावचं. तिथे ते तरुणपणापासून घंटा वाजवत. दुपारी लग्न असल्यामुळे मनोऱ्याखाली दोर सोडून ठेवलेले होते. आत शिरताना ते मला म्हणाले, "दोरांना हात नको हं. बेल्स आर अप." आणि दिवे लावायला खांबाआड गेले.

"घंटा वर आहेत म्हणतात," मी आईला सांगितलं.

"वरच असणार. खाली कशाला बांधतील?"

मी हसलो. 'हात नको' हे मी गाळलं होतं. परक्यांच्या देवळात माझ्या आईला कुणी शिवू नको म्हणतंय, हे मला तिला सांगायचं नव्हतं.

"वाजवू का रे? देवळात येऊन घंटा न वाजवता कसं जायचं?"

"वाजव की."

तिनं दोन्ही हातांनी दोर ओढला. वर काहीतरी अवजड कलंडलं आणि दोर सरसरत वर निघाला, आईला घेऊन. तिचे पाय फरशीवरून सुटले. शेजारी धावत आले, तिच्या मनगटांवर फटका मारून त्यांनी दोर सोडवला आणि तिला धडक देऊन भिंतीकडे ढकललं. मला दिसलं ते एवढंच, की हा माणूस माझ्या आईला मारतोय. मी त्यांच्या तोंडावर गुद्दा मारला. मग आणखी एक. त्यांचा दात माझ्या बोटात रुतला.

तेवढ्यात वर लाकूड मोडल्याचा कडाका झाला. सुटलेला दोर खोलीभर फटकारू लागला. आई उभी होती तिथली खुर्ची त्यानं उडवली. शेजाऱ्यांनी मला कॉलरला धरून खाली पाडलं आणि तसंच दाबून ठेवलं.

सगळं थांबल्यावर त्यांनी रक्त थुंकलं. 'वर' म्हणजे तोंड आभाळाकडे करून उभ्या ठेवलेल्या घंटा, त्यांनी समजावलं. एवढं वजन नुसतं तोललेलं असतं, ओढलं की कोसळतं आणि घंटेला अडवणारं लाकूडही मोडतं. "मीच नीट सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

आईचे तळहात सोलवटले होते. "काय म्हणतायत?"

मी सगळं सांगितलं, 'हात नको' सकट. त्याच हातानं तिनं माझ्या थोबाडीत मारली. गालाला तिचं रक्त लागलं.

"यांचा नेम तुझ्यापेक्षा बरा आहे," शेजारी ओठ दाबून म्हणाले.

तेही मी तिला सांगितलं. ती हसली नाही.

"आता माझ्या वतीनं माफी माग," ती म्हणाली. "आणि मी बोलते तेवढं सगळं सांग. काही गाळू नकोस."