पाच झाकणं

फौजेतून परतून घड्याळदुरुस्तीला लागलेल्या घड्याळजींच्या टेबलावर रणगाड्यांची पाच छोटी मॉडेलं दोन वर्षं अर्धवट पडून होती. एकाची चाकं काढून दुसऱ्याला लावायची, रंगाची एकच बाटली पुरवून पुरवून वापरायची, असा सगळा कारभार. "एक ना धड, भाराभर चिंध्या," बायको करवादायची.

परवा ते दुकानात गेल्यावर तिनेच मायेने पाचही रणगाड्यांची वरची झाकणं चिकटवून टाकली.

घरी येताच घड्याळजी पांढरेफटक पडले. समोरचा चहा तसाच ठेवून ते पात्याने एकेक झाकण उचकटू लागले.

"अहो, खेळणी आहेत ती."

"माहितीये. आमच्याही रणगाड्याचं झाकण अडकलं होतं. मी बाहेर होतो. तिघं आतून ठोकत होते."

पाचव्यापाशी मात्र ते थांबले, आणि बंद घड्याळाला लावतात तसा त्यांनी त्याला कान लावला.