पाच वेळा मोजलेली लांबी

रायफल क्लबच्या नोंदवहीत माझ्याविषयी एक ओळ होती : ‘बोल्ट जोरात ओढल्यामुळे गोळी नळीत अडकली. नेमबाजाची चूक.’ खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. सही केली की विषय संपणार होता, आणि वसंतातल्या सामन्यासाठी निवडलेल्या चौघांमधली माझी जागाही.

मी आयर्लंडमध्ये, स्लायगोजवळच्या एका कारखान्यात वैद्यकीय उपकरणांचं मोजमाप करते. दिवसभर सुया आणि नळ्या मोजायच्या; फार बोलावं लागत नाही. रायफल क्लब मला त्याचसाठी आवडला. कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले की कुणी काही विचारत नाही. आईला मात्र अजून पटलेलं नाही. “एवढं शिकवलं ते बंदूक धरायला?” ती व्हिडिओ कॉलवर म्हणते. मी म्हणते, “कागदावर मारतो गं आम्ही. कागदावर.”

पुंगळीत पावडर आणि गोळी बसवून काडतुसं भरायची, तर इथे ते घरी करता येत नाही. आमच्या क्लबला त्यासाठी एका खोलीपुरती परवानगी आहे आणि खोलीची किल्ली एका निवृत्त मेकॅनिककडे असते. मला आडवं पडून श्वास धरायला त्यांनीच शिकवलं. या हिवाळ्यात लांबच्या पल्ल्यासाठी जास्त लांब गोळ्या आल्या. माझ्या रायफलच्या चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीची, लांबी त्यांनी पूर्वी कधीतरी जुन्या गोळीनं मोजून ठेवली होती. नवी गोळी जितकी जास्त लांब, तितकी त्यांनी माझ्या काडतुसांची लांबी वाढवली. हिशेब सरळ वाटत होता.

रविवारी पहिलंच काडतूस घातलं तेव्हा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागचं तोंड बंद करणारा दांडा, शेवटी जड लागला. मला ते जाणवलं होतं. पण शेजारी सगळे ओळीत आडवे पडलेले, आणि हात वर केला असता तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. मी गप्प बसले. तेवढ्यात रेंजवर एक मेंढी शिरली आणि ‘थांबा, रायफली रिकाम्या करा’ असा हुकूम झाला. मी बोल्ट मागे ओढला. बाहेर आली ती नुसती पुंगळी. गोळी नळीतच राहिली, पावडरचे दाणे रायफलमध्ये सांडले.

“पोरीचा हात जड आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मेंढीचं नशीब म्हणायचं,” दुसरा म्हणाला. हशा झाला. मेकॅनिक हसले नाहीत.

क्लबच्या सेक्रेटरीनं वहीत ती ओळ लिहिली आणि पेन पुढे केलं. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी.” एवढं बोलतानाही माझे कान तापले होते.

पुढच्या रविवारी डब्याच्या पिशवीत माझा मोजमापाचा कॅलिपर होता, आणि कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं लेथवर करून दिलेलं पोलादी कडं. रायफल रिकामी असल्याचं सेक्रेटरीला दाखवलं. बोल्ट बंद करून नळीच्या तोंडातून सफाईची काठी आत सरकवली. ती बोल्टला टेकली तेव्हा नळीच्या तोंडाशी काठीवर खूण केली. मग बोल्ट काढून नवी गोळी एकटीच चेंबरमधून पुढे ढकलली, नळीतल्या पिळांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, टेकेपर्यंत. तिला मागून पेन्सिलीनं धरून काठी पुन्हा गोळीच्या टोकाला टेकेपर्यंत आत घातली आणि दुसरी खूण केली. दोन खुणांमधलं अंतर हीच या गोळीसाठी हद्द. भरलेलं काडतूस त्याहून अर्ध्या मिलिमीटरनं लांब होतं.

“एकदा मोजून काय कळतं?” मेकॅनिक म्हणाले.

“काहीच नाही,” मी म्हटलं आणि आणखी चार वेळा मोजलं. पाचही आकडे मोठ्यानं वाचले. माझा आवाज कापत होता, आकडे नाही.

“नवी गोळी टोकापासून बुडापर्यंत मी स्वतः मोजली होती. चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली आहेत मी!”

“टोक कशालाच लागत नाही.” मी कडं गोळीच्या नाकावरून सरकवलं. गोळी जिथे पूर्ण जाडीची होते तिथे ते अडकलं. “दारातून शिरताना नाक अडकत नाही, खांदे अडकतात. नव्या गोळीचे खांदे पुढे आलेत. ते पिळांत रुतले, म्हणून बोल्ट जड लागला आणि गोळी तिथेच राहिली.”

मेकॅनिकनी कडं हातात घेऊन स्वतः गोळीवर सरकवून पाहिलं.

सेक्रेटरी घाईनं म्हणाला, “ग्रँड, ग्रँड. ठीक आहे. मग आता विषय सोडून देऊ. तू संघात आहेसच.”

जन्मभर मी अशा वेळी ‘चालेल’ म्हणत आले आहे. शाळेत, ऑफिसात, घरमालकाला. जागा तर मिळत होती.

“ओळ खोडा,” मी म्हटलं. “ती तिथे असेपर्यंत मला संघात घेऊ नका.”

“अगं, वही कोण वाचतं?”

“मी वाचते.”

शेवटी मेकॅनिकनीच वही ओढून घेतली. ‘नेमबाजाची चूक’वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी नवी लांबी लिहिली. स्वतःच्या चुकीबद्दल अक्षरही लिहिलं नाही. मग पेन माझ्याकडे सरकवलं.

मी खाली लिहिलं : ‘बोल्ट जड लागला तेव्हा मी सांगायला हवं होतं. काडतूस चेंबरपेक्षा लांब होतं. पाच वेळा मोजलं.’

आणि त्याच्याखाली सही केली.