मानमोडीच्या साली आम्ही मद्रासी

आता तिघं ओट्यावर बसलो, की मानमोडीच्या तापाचं साल निघाल्याबिगर चहा संपत न्हाय. एकानं एक किस्सा काढला, की दुसऱ्याला दोन आठवतात! माणसं मरत हुती आन् ही हसत हुती, असं कुणाला वाटंल. वाटू दे. रडलोय बी तेवढंच.

आम्ही बेळगावच्या कॅम्पातले. आज्जा पलटणीबरोबर मद्रासेकडनं आलता, म्हणून गावाला आम्ही कायमचे 'मद्रासी'. पिरनवाडीच्या वाटेवर निराधार म्हाताऱ्यांचा एक आश्रम हुता. साथ आली तशी तिथली कामाची माणसं पळाली. मग कारभारी आप्पा आमच्या दारात आले. मी, माझा दीर मुनियप्पा, जाऊ सेल्वी, तिघंबी तयार!

"मराठी येतंय न्हवं, कन्नम्मा?" आप्पांनी मला विचारलं.

"येतंय की! शिव्यांसकट!"

"मग आजच चला. म्हातारे लई शिव्या देत्यात!"

*

मुनियप्पा स्वयंपाकाला. त्यानं चिंचेच्या पाण्यात मूठभर मिरी कुटून घातली आन् आमचं रस्सम सगळ्यांना वाढलं. एका घोटात सगळी खोली खोकायला लागली! आप्पा हापिसातनं धावत आले. त्यांना वाटलं, साथच भडकली.

कंग्राळीचे दादूअण्णा, जन्मभर शेतीत राबलेला गडी, डोळं पुसत ओरडले, "मानमोडी परवडली रं, पर ह्ये कढण नगं!"

दुसऱ्या दिवशी साधी पेज दिली, तर वाडगा सारून हळूच म्हणतात, "कालचं काय ऱ्हायलंय काय रं? नाक मोकळं झालतं."

*

बाजारात तर आम्हाला कुणी जवळ उभं करंना. दुकानदार लांबनंच ओरडायचा, "आश्रमातले मद्रासी न्हवं तुम्ही? तिकडंच थांबा!"

एकदा तांदूळ द्यायला त्यानं लई वेळ लावला. मुनियप्पा नुसता खाकरला. माप ऱ्हायलं बाजूला, पोतंच पुढं आलं!

*

सेल्वीनं आश्रम सुखरूप ऱ्हावा म्हणून मारिअम्माला हात जोडून दाराला कडुलिंबाचा पाला बांधला. घरात देवीचा रोगी असला, की दाराला असाच पाला बांधत्यात; तो बघून गवळी फाटकातच थबकला.

"आयो! मानमोडी हुतीच, आता देवीबी आल्या?"

भरली चरवी टाकून पळाला की गडी! सेल्वी सांगायला मागनं धावली. पर घाबरली की तिला तमिळच सुचतंय. ती जेवढी ओरडायची, तेवढा तो जोरात पळायचा!

आप्पांनी चरवीत डोकावून बघितलं. "सेल्वी, पाला उद्याबी ऱ्हाऊ दे गं. आज पैल्यांदा दूध बिनपाण्याचं हाय!"

*

गंगाक्का बेळगावातल्या जुन्या घरच्या, सोवळ्याच्या लई कडक. त्यांचं पाणी भरणारा बामण आजारी पडून निपाणीला गेला. त्यानं भरलेलं शेवटचं पाणी तांब्याच्या गडूत, उशाशी. तापानं फणफणल्या तरी त्यातनं जीभ भिजण्यापुरतंच घ्यायच्या. मी घागर घेऊन गेले, की तोंड भिंतीकडं.

"मराल ओ अशानं, गंगाक्का!"

"मरेन. पण तुझ्या हातचं नको!"

लई राग आला मला. बाहेर येऊन रडले बी. आप्पांनी चिकोडीला गंगाक्कांच्या भाच्याकडं माणूस धाडला, त्यांना घेऊन जा म्हणून. उलटा निरोप आला, "तिकडंच काय ते बघा."

त्याच दुपारी दादूअण्णा गेले. रस्सम मागत गेले बिचारे. त्यांना घेऊन आप्पा आन् मुनियप्पा मसणवटीत गेलते, सेल्वी धुणं घेऊन ओढ्याला. सकाळपास्नं मलाबी कणकण हुतीच. गंगाक्कांच्या खोलीत केर काढता काढता मी तिथंच पडले. घसा नुसता जळत हुता. पाणी, पाणी करत ऱ्हायले. घागर पडवीत. तिथवर जायचं त्राण माझ्यात न्हाय आन् गंगाक्कांच्यातबी न्हाय.

गंगाक्का कशाबशा खाटंवरनं उतरल्या. भुईवर बसल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आन् गडू माझ्या तोंडाला लावला. रिता होईस्तोवर.

आप्पा परत आले, ते दारातच थांबले.

"अहो गंगाक्का! तुमचं पाणी?"

"संपलं," गंगाक्का म्हणाल्या. "पडवीत हिची घागर आहे, त्यातलं आणा. आणि चांगला काठोकाठ भरून आणा गडू, मला फार तहान लागलीय!"