पायाच्या खड्ड्यातला प्राध्यापक

शेजारच्या प्राध्यापकाने मला फसवलं. बोरीवलीत मी घराचा पाया खणत होतो, तेव्हा हा रोज बादली घेऊन खड्ड्यात उतरायचा. पाणी माझं, चहाही माझाच. माती पाण्यात ढवळून वर तरंगलेले जळके दाणे गाळणीत धरायचा आणि तान्ह्या बाळासारखे जपायचा. जुनी शेती म्हणे त्यावरून कळते.

घर झालं आणि भिंतीला तडा गेला. तेव्हा म्हणतो, "बघा हं, ते दाणे दलदलीतल्या गवताचे होते. इथे खाजणच होतं."

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बघा हं, तुम्ही खणणं थांबवलं असतं ना!"

पूर्वी इथे काय उगवायचं ते याला कळतं. मग माझ्या तड्याला जबाबदार कोण, तेही त्यानेच सांगावं.